विलासमामांचा बॉट आणि हिराकाकीचा पाट

आमच्या विलासमामांना तुम्ही "चहा घेणार का?" असं विचारलंत, तर ते सरळ हो म्हणायचे नाहीत. हात वर करून थांबवायचे आणि म्हणायचे, "चहासाठी एक, कॉफीसाठी दोन, काहीच नको असेल तर तीन. असं विचारायचं असतं, नीलम. मोकळा प्रश्न टाकलास की समोरचा मोकाट सुटतो." मग मी विचारायची, "बरं मामा, एक की दोन?" त्यावर मामा समाधानाने "एक" म्हणायचे, आणि चहा समोर आला की त्यात आलं नाही, साखर कमी, दूध पातळ, असं सांगत स्वतःच मोकाट सुटायचे. साखरेचा पर्याय यादीत नव्हता ना.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. राहायला रोह्यात. मी पेणला दिलेली, सासरी गणपतीचा कारखाना. त्यामुळे मामांचं आमच्याकडे येणं-जाणं भाचीच्या प्रेमापोटी होतं की गिऱ्हाइकाच्या शोधात, हे मला कधी नीट कळलं नाही. गेल्या थंडीत मामा गेले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात, आणि मीही तसं ठरवूनच लिहायला बसले आहे. पण मामांबद्दल नुसतं चांगलं लिहिलं तर रोह्यातली अर्धी माणसं मला खोटारडी म्हणतील.

मामांची सगळी नोकरी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून झाली. खोली एवढीशी, पण रुबाब साहेबाचा. कोणाचा फोन कोणाला द्यायचा, कोणाला "साहेब मीटिंगमध्ये आहेत" सांगायचं आणि कोणाची बायको रागावलेली आहे म्हणून आधी दुसरीकडे जोडायचं, हे सगळं मामा ठरवायचे. नुसत्या "हॅलो"वरून माणूस ओळखायचे. मग एक दिवस कंपनीने मशीन बसवलं. फोन लावला की एक बाई गोड आवाजात सांगायची, अमुक विभागासाठी अमुक आकडा दाबा. मामांना स्टोअरमध्ये बसवलं. तिथे त्यांनी चारेक वर्षं त्या बाईला शिव्या घातल्या. घरात जेवतानासुद्धा तिची नक्कल करायचे. आम्हाला वाटायचं, या माणसाच्या मनातून ते दुःख जन्मात जायचं नाही.

आणि रिटायर झाल्यावर याच मामांनी धंदा कोणता काढावा? तर तोच. मुंबईत कुठेतरी दोन दिवसांचं शिबिर करून आले आणि व्हॉट्सअ‍ॅपवर बॉट बसवून द्यायला लागले. बॉट म्हणजे काय, तर तुम्ही दुकानाच्या नंबरवर काही लिहिलंत की माणसाच्या जागी एक प्रोग्रॅम उत्तर देतो. एक दाबा, दोन दाबा, धन्यवाद, पुन्हा भेटू. ज्या बाईने मामांची खुर्ची घेतली, तिचीच भावंडं मामा गावोगाव वाटत फिरायला लागले. मी एकदा तोंडावर हे बोलून दाखवलं, तर म्हणाले, "बॉटला चहा लागत नाय, बॉटला रजा लागत नाय, बॉटला सासू नाय. माणसाचं काय सांगतेस मला? मी होतो की माणूस."

रोह्यात त्यांनी पहिला बॉट एका दातांच्या डॉक्टरांना बसवून दिला. तिथे कोणीतरी रात्रभर कळ सोसून सकाळी लिहिलं की दाढ फार दुखतेय, गाल सुजलाय. बॉटने उत्तर दिलं, "आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत." मामांना हे कळल्यावर ते जराही ओशाळले नाहीत. म्हणाले, "प्रश्न चुकीचा आहे. त्याने 'अपॉइंटमेंट' असा शब्द लिहायला हवा होता." मामांच्या जगात बॉटचं उत्तर कधी चुकायचं नाही, लोकांचे प्रश्न चुकायचे. दाढसुद्धा चुकीच्या पद्धतीने दुखायची.

आमच्या कारखान्यावर त्यांचा डोळा पहिल्यापासून होता. माझे यजमान संतोष हातात ब्रश धरला की जगाला विसरतात. श्रावण लागला की गणपतीच्या डोळ्यांची आखणी सुरू होते, आणि तेव्हाच फोन अखंड वाजतो. मूर्ती झाली का, रंग कोणता, पाट पोचला का. संतोष एका हाताने फोन धरायचे, दुसऱ्या हाताने रेषा ओढायचे आणि फोनवरच्या माणसाला "हलू नका" म्हणायचे. मामांनी हे पाहिलं आणि पाटावर पाय दुमडून बसत म्हणाले, "संतोषराव, तुम्हाला मूषकराज हवा."

मूषकराज हे बॉटचं नाव. मामांनीच ठेवलं. नंबरवर कोणी काही पाठवलं की उत्तर यायचं, "मी मूषकराज, आपल्या सेवेत हजर!" आणि पुढे एक उंदीर, एक मोदक आणि फटाका. संतोष नको म्हणत होते. "मामा, आपली माणसं पाट घेऊन येतात. बसतात. बोलतात. त्यांना हे जमायचं नाही." मामा म्हणाले, "त्यांना जमायचं नाय म्हणून तर तुमचं काम खोळंबतं."

पाटाचं सांगायला हवं. आमच्याकडची जुनी घरं आपापला पाट आणून देतात. त्याच्या खाली घराचं नाव रंगवलेलं असतं, आणि गणपती त्याच पाटावर बसतो, दर वर्षी, आज्यापणज्यापासून. मूर्ती विसर्जनाला जाते, पाट घरी परत येतो. दुसरी एक रीत आहे. घरात कोणी गेलं आणि सुतकात चतुर्थी आली, तर त्या घरचा त्या वर्षीचा गणपती चुकवत नाहीत, पुढे ढकलतात. पितृपक्षातल्या संकष्टीला, साखरचौथीला, आणतात. आम्हा कारखानेवाल्यांना चतुर्थीला श्वास घ्यायला फुरसत नसते, म्हणून आमच्या स्वतःच्या घरचा गणपतीही साखरचौथीचाच. तर सुतकातलं घर स्वतः येऊन हे सांगत नाही. भावकीतलं कोणीतरी येतं, उंबऱ्याशी उभं राहतं आणि म्हणतं, "अमक्याचा पाट मागं ठेवा." बस्स. कोण गेलं, कसं गेलं, कोणी विचारत नाही. माझे सासरे तर तोंडातून शब्दही काढायचे नाहीत, उठून तो पाट मागच्या फळीवर नेऊन ठेवायचे आणि आलेल्याला पाणी द्यायचे.

मी मामांना म्हटलं, "मागं ठेवण्याचं बटण कुठे आहे यात?" मामा म्हणाले, "एका वेळी तीनच बटणं बसतात, नीलम. हवी आहे, नको आहे, चौकशी. वर्षातून दोन-चार घरांसाठी चौथं कुठून आणू?" आणि मग त्यांनी आमचा कारखान्याचा फोन उचलून कपाटात ठेवला. म्हणाले, "एकदा लोकांना कळलं की माणूस फोन उचलतो, की ते बॉटशी बोलायचे नाहीत." मामा आयुष्यात जी काही शहाणपणाची वाक्यं बोलले, त्यातलं हे एक. फक्त त्याचा अर्थ त्यांना कळला नव्हता.

पहिला महिना बरा गेला, खोटं कशाला बोलू? किती इंचांची मूर्ती, कोणता रंग, कधी न्यायला येऊ, एवढं मूषकराज चोख सांगायचा. संतोष सलग बसून डोळे रेखायचे. मामा दर दोन दिवसांनी रोह्याहून सकाळच्या गाडीने यायचे आणि मोबाइलवरचा रिपोर्ट मोठ्याने वाचून दाखवायचे. "सगळी संभाषणं निकाली. एकही शिल्लक नाय. दाखव बरं असा माणूस." निकाली म्हणजे गिऱ्हाइकाने पुन्हा काही लिहिलं नाही. ते खूश होऊन गप्प झालं की कंटाळून, हे रिपोर्टात येत नसे.

मग मामांच्या अंगात आलं. त्यांनी मूषकराजला हुशार केलं. आता म्हणे तो बटणांवर अडणार नाही, माणसासारखं मनाने लिहील. आणि लिहायला लागला की हो! कोणी काहीही विचारलं की हा आधी म्हणायचा, "होय, नक्की!" नागपूरला घरपोच द्याल का? होय, नक्की. पाटही मिळेल का? होय, नक्की, पाट मोफत. एका बाईंनी बिचारीने काळजीने विचारलं, शाडूचीच आहे ना, पाण्यात विरघळेल ना? मूषकराजने छातीठोक उत्तर दिलं, "निश्चिंत राहा! आमच्या सर्व मूर्ती जलरोधक आहेत." संतोषनी ते वाचलं आणि ब्रश खाली ठेवला. तीन पिढ्यांनी कमावलेलं नाव एका उंदराने कुरतडलं. मामा म्हणाले, "विक्रीची भाषा आहे ती. सकारात्मक." मी म्हटलं, "मामा, तुमचा उंदीर गणपतीला रेनकोट घालून पाठवतोय." ते हसले नाहीत. बॉटची थट्टा त्यांना चालत नसे, स्वतःची चालायची.

त्या वर्षी चतुर्थी, गौरी, अनंत चतुर्दशी सगळं पार पडलं. कारखाना रिकामा झाला. मागच्या फळीवर आमच्या घरची मूर्ती तेवढी उरली होती. साखरचौथ चार-पाच दिवसांवर आली असताना खाडीकडच्या गावातून एक माणूस आला, उंबऱ्याशी उभा राहिला आणि म्हणाला, "हिराकाकीचा पाट तयार हाय ना? साखरचवथीला न्यायला येतूव."

हिराकाकी म्हणजे मिठागरावर उभं आयुष्य काढलेली बाई. नवरा लवकर गेला, एकुलता एक मुलगा प्रकाश, तो कंपनीत कंत्राटावर लागलेला. काकींच्या घरचा पाट माझ्या आजेसासऱ्यांच्या वेळेपासून आमच्याकडे येतो. संतोषनी मागच्या फळीकडे पाहिलं. तिथे पाट नव्हता. त्यांनी विचारलं, "काकींचा गणपती चतुर्थीला नेला ना?" तो माणूस आमच्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "चवथीला कसा नेतील? प्रकाश जेला न. शिफ्टवरून येताना, हायवेला अपघातान. काकीनी तुमच्या नंबरावर सांगलं व्हतं. तुमीच सांगलाव ना, कारखान्यान येऊ नका, नंबरावर सांगा म्हनून."

मामा तिथेच होते. रिपोर्ट घेऊन आले होते. मी त्यांच्या हातातून मोबाइल घेतला आणि प्रकाशच्या नंबरावरचं संभाषण काढलं. मुलाच्या फोनवरून आईने आवाज पाठवले होते. लिहिता येत नाही तर दुसरं काय करणार? पहिला लावला. हिराकाकींचा आवाज, थकलेला, पण शांत.

"बाबा, मी प्रकाशची आई बोलतंय. माजा प्रकाश जेला रं. चवथीला देव आनता येनार नाय. माजा पाट मागं ठेव, साखरचवथीला नेईन. घरात खंड परू नको देऊ."

त्याखाली मूषकराजचं उत्तर. "नमस्कार प्रकाश! मला आवाज समजत नाही. कृपया लिहून पाठवा." पुन्हा एक आवाज, तेच सगळं, जरा मोठ्याने, बहिऱ्याला सांगावं तसं. पुन्हा उत्तर, हुशारी लिहिलेल्या शब्दांपुरतीच, आवाजाला आपली जुनी बटणं. "नमस्कार प्रकाश! मूर्ती हवी असल्यास एक, नको असल्यास दोन, चौकशीसाठी तीन." तिसऱ्या आवाजात काकी नुसत्या म्हणत होत्या, "आईकतोस ना रं?" शेवटी शेजारच्या कोणीतरी बघून दोन दाबलेलं. सुतकात हवी कसं म्हणणार? त्यावर उंदीर, मोदक आणि फटाका. "धन्यवाद प्रकाश! तुमची मूर्ती रद्द झाली आहे. तुमचा दिवस आनंदात जावो!"

मला इतका संताप आला होता की मामांकडे बघवेना. रिपोर्टात हे संभाषण निकाली निघालेलं होतं.

पुढचं उघड होतं. मूर्ती रद्द झाली म्हटल्यावर मूषकराजने ती लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊन टाकली होती, आणि गर्दीच्या दिवशी आमच्या माणसांनी चिठ्ठी बघून जशी होती तशी, काकींच्या पाटासकट, गाडीत चढवली होती. मूर्तीचं केव्हाच विसर्जन झालं असणार. मूर्तीचं संतोषनी एका वाक्यात मिटवलं. "आपल्या घरची देऊ. आपल्याला मी हाताएवढी करतो." पण पाटाचं काय? नवऱ्याने, सासऱ्याने, त्याच्याही बापाने ज्या पाटावर देव बसवला तो पाट. मुलगा गेला, आता पाटही गेला असं त्या बाईला कोणी जाऊन सांगायचं? घराला खंड पडू नये एवढंच तिने मागितलं होतं, आणि आम्ही नेमकं तेच करून बसलो होतो.

मामा म्हणाले, "त्या गिऱ्हाइकाला मूषकराजकडून निरोप पाठवतो." आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं. गिऱ्हाइकाने शेवटचं लिहून एक दिवस उलटला की बॉटला आपल्या मनाने त्याला काही पाठवता येत नाही, आधी मंजूर करून ठेवलेला ठरावीक मजकूरच जातो. मामांनी मंजूर करून घेतलेला मजकूर एकच होता, "पुढील वर्षाच्या बुकिंगवर खास सवलत!" मामांनी घाईघाईत तोच पाठवला. तोही पोचला नाही, कारण त्या गिऱ्हाइकाने मूषकराजला कधीच ब्लॉक करून टाकलं होतं. मामा म्हणाले, "लोकांना शिस्तच नाय." सवयीने बोलून गेले असावेत. संतोषनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि मामांनी मोबाइल खिशात घातला.

त्या गिऱ्हाइकाचं नाव मूषकराजकडे होतं "रोह्याचा राजा", पुढे आगीचं चिन्ह. पत्ता म्हणाल तर गावासाठी दोन नंबरचं बटण दाबलेलं, म्हणजे रोहा. त्याचा फोन लागत नव्हता. अख्ख्या रोह्यात राजे किती, हे तिथल्या लोकांना विचारा. दर आळीत एक आहे.

मामांनी आमच्या कपाटातून कारखान्याचा फोन काढला, ओटीवर बसले आणि रोह्यातल्या ओळखीच्या माणसांना एकेक करून फोन लावायला लागले. ते मामा मी लहानपणी पाहिले होते, नंतर विसरूनच गेले होते. आवाज बदलला. "कोण, बंड्या? सर्दी झाली का रे? आई कशी आहे?" असं पहिलं विचारायचं, समोरच्याचं सगळं ऐकून घ्यायचं, मग हळूच आपलं काम सांगायचं. कोणाची सून बाळंत झालेली, कोणाचा जावई रुसलेला, सगळं ऐकून घेत होते. एक बटण नाही, एक पर्याय नाही. दुपार कलायच्या आत रोह्याचा राजा सापडला. एका कंपनीत शिफ्टला जाणारा साधा माणूस होता, फोन त्याचा पाण्यात पडलेला होता.

मामांबरोबर मीही गेले. मामांना एकट्याला सोडायची माझी तयारी नव्हती. राजेसाहेबांच्या स्वयंपाकघरात हिराकाकींचा पाट होता, आणि त्यावर गॅसचा सिलिंडर. मामांनी समजावून सांगितलं. राजा म्हणाला, "काका, पाट माझा आहे. तुमच्याच कारखान्याने लिहून दिलंय." आणि बायकोच्या फोनवर घेऊन ठेवलेला फोटो काढून त्याने समोर धरला. मूषकराज: होय, नक्की! पाट मोफत!

मी मनातल्या मनात हात जोडले. मामा आता काय म्हणणार, प्रश्न चुकीचा आहे? पण मामांनी खाली वाकून सिलिंडर बाजूला सरकवला, पाट उलटा केला आणि खालचं रंगवलेलं नाव त्याला दाखवलं. "हा बघ, हा त्या बाईच्या सासऱ्याचा. तिचा मुलगा गेलाय आणि तिला देव बसवायचाय. तू म्हणतोस ते खरं आहे, लिहून दिलंय. मी तुला दुसरा पाट देतो." राजाची बायको आतून पुढे आली आणि नवऱ्याला म्हणाली, "द्या आधी तो. लाज नाय वाटत?" मामा तसेच घरी गेले आणि ज्या सागवानी पाटावर बसून ते रोज जेवायचे, तो उचलून राजाला नेऊन दिला. मामी दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

एवढं झाल्यावर मामा सुधारले असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही आमच्या मामांना ओळखलंच नाही. आमच्याकडचा मूषकराज संतोषनी बंद केला, तर मामांनी कोलाडच्या एका हॉटेलवाल्याला तो नाव बदलून बसवून दिला. पुढे दोन वर्षं, अगदी आजारी पडेपर्यंत, ते हा धंदा करत होते आणि दवाखान्यातल्या नर्सलासुद्धा पर्याय देत होते, "इंजेक्शनसाठी एक." हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्यांना भलतंच थोर करून ठेवाल.

साखरचौथीच्या सकाळी काकींची माणसं मूर्ती न्यायला येणार होती. मामा म्हणाले, "त्यांना येऊ देऊ नको. आपण नेऊ." पाट धुऊन पुसून त्यावर आमच्या घरची मूर्ती संतोषनी बसवली होती. रिक्षात मामा ती मांडीशी धरून बसले. खाडीकडचा रस्ता कसा आहे ते पेणकरांना वेगळं सांगायला नको. प्रत्येक खड्ड्याला मामा देवाला जपायचे आणि त्यांचं डोकं वर आदळायचं.

काकींनी दारात मूर्तीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. आत एका बाजूला प्रकाशचा फोटो होता, हार घातलेला. देव जागेवर बसला. काकींनी पाटाच्या कडेवरून हात फिरवला, पण आम्हाला काही विचारलं नाही. पाट कुठे जाऊन आला ते त्यांना कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. मला वाटलं, सुटलो. चहा घ्यायचा आणि निघायचं.

चहा देताना काकी म्हणाल्या, "तुमच्याकं त्यो मूषकराज कोन हाय गो? नवीन पोरगा ठेवलाव काय?"

त्यांना कोणीतरी फोनवरचं नाव वाचून दाखवलं असणार.

"मी इतक्यांदा सांगलं त्येला," काकी म्हणाल्या, "तरी आपला प्रकाश, प्रकाश करीत व्हता. मना वाटला, प्रकाशचा दोस्त असंल. त्येला खरा वाटत नसंल."

मला रडू आवरेना, म्हणून मी फोटोकडे बघत राहिले. आता मामा समजावणार, बॉट म्हणजे काय, त्याला आवाज का कळत नाही, बटणं तीनच का बसतात. तोंड उघडलंच त्यांनी. मग मिटलं. कप खाली ठेवला.

"मीच होतो, काकी," मामा म्हणाले. "माझंच नाव ते."

काकींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. पांढरे केस, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. एवढा मोठा माणूस असा कसा, असं त्यांच्या तोंडावर सरळ दिसत होतं. मला वाटलं, आता शिव्या घालतील, आणि घालाव्यात असंही वाटलं.

त्यांनी कोपऱ्यातली चटई ओढली आणि मामांच्या समोर बसल्या. "तवा आईकलास नाय," म्हणाल्या. "आता आईक."

आणि त्या सुरुवातीपासून सांगायला लागल्या. त्या दिवशी प्रकाशची सकाळची शिफ्ट होती. तांदळाची भाकरी आणि सुकट खाऊन गेला. जाताना गणपतीच्या मखराला कागद आणायचा म्हणून रंग विचारून गेला, निळा का पिवळा. काकी पिवळा म्हणाल्या. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, मी खुणेने त्याला थांबायला सांगितलं. मामा मांडी घालून बसले होते, मान खाली, हात गुडघ्यांवर. मधेच काकी थांबल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आईकतोस ना रं?"

"ऐकतोय," मामा म्हणाले.